‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणण्याआधी: इंग्रजीतून डिग्री करायला आलेल्या नव्या मुलांसाठी

पहिल्या सेमिस्टरची माझी वही कोणी बघितली असती तर वाटलं असतं हा वर्गात झोपा काढतो. अर्धवट वाक्यं, मध्येच बाण, मध्येच प्रश्नचिन्हं, आणि एका पानावर मोठ्या अक्षरात ‘सुडो???’ एवढंच. सर तासभर सुडोकोड सुडोकोड (प्रोग्रामचा साध्या भाषेतला कच्चा आराखडा) म्हणत होते, मी रात्री डिक्शनरी घेऊन एस अक्षराखाली शोधत बसलो, अर्धा तास गेला आणि मिळालाच नाही, कारण तो शब्द सुरू होतो पी पासून आणि तो पी कोणी उच्चारतच नाही. शेजारच्या मुलाला विचारलं असतं तर पाच सेकंदांचं काम होतं. विचारलं नाही, लाज वाटली.

इथे अडचणी दोन होत्या बघा. एक भाषेची, म्हणजे शब्द कानाला माहीत नव्हता. दुसरी मनाची, म्हणजे विचारायचा धीर नव्हता. ह्या दोन एकमेकींना पोसत राहतात, आणि बहुतेक मुलं फक्त पहिलीवर काम करतात, स्पोकन इंग्लिशचे व्हिडिओ बघत बसतात आणि सहा महिन्यांनी तिथेच असतात. हे मी त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांची शाळा मराठीतून झाली, किंवा नावाला इंग्रजीतून झाली पण समजावून सगळं मराठीतच सांगितलं गेलं, आणि आता पुस्तक, लेक्चर, पेपर, व्हायवा (तोंडी परीक्षा) सगळं एकदम इंग्रजीत अंगावर आलंय.

पायरी १: नक्की काय कच्चं आहे ते आधी शोधा

‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ हे काही निदान नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘मला बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं आहे ते, पुढचा प्रश्न येणारच की कुठे दुखतंय.

माझ्या पहिल्या टेस्टला २० पैकी ९ आले. दोन दिवस तोंड लपवून फिरलो, मग एका सीनियरने तो पेपर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, गेलेले ११ मार्क एकेक करून दाखव कुठे गेले. बसलो. ४ मार्क खरंच विषय आला नव्हता म्हणून गेलेले. ३ मार्क प्रश्न चुकीचा वाचला म्हणून, ‘जस्टिफाय’ विचारलं होतं आणि मी नुसतं वर्णन करून ठेवलं होतं, कारण एकही दिलं नव्हतं. २ मार्क वेळ संपला म्हणून, कारण प्रत्येक प्रश्न तीनतीनदा वाचत बसलो. आणि फक्त २ मार्क असे होते की उत्तर डोक्यात होतं पण इंग्रजीत मांडता आलं नाही.

म्हणजे ज्या ‘मला इंग्रजी लिहिता येत नाही’ ह्या गोष्टीसाठी मी रडत होतो ती होती २ मार्कांची. प्रश्न नीट वाचायला शिकलो असतो तर त्याहून जास्त हाताला लागलं असतं, आणि ते शिकायला एक आठवडा पुरतो.

तुम्हीही हे करा. पहिली टेस्ट झाली की गेलेल्या मार्कांपुढे चारपैकी एक खूण करा: विषय, प्रश्न समजला नाही, वेळ, मांडता आलं नाही. टेस्ट व्हायची असेल तर एका लेक्चरवर हाच प्रयोग करा. कुठे सुटलं, शब्द कळला नाही म्हणून, वेग जास्त होता म्हणून, की मागचा धडाच माहीत नव्हता म्हणून? शेवटचं कारण फार निघतं बरं का, आणि त्याचा इंग्रजीशी काडीचा संबंध नसतो.

पायरी २: भीती नेमकी कुठे खाते ते समजून घ्या

थोडी थिअरी सांगतो, कारण ती कळल्यावर पुढच्या पायऱ्या का करायच्या ते कळतं.

आपण एका वेळी डोक्यात जेवढं धरून ठेवू शकतो त्याला वर्किंग मेमरी म्हणतात आणि ती सगळ्यांचीच तोकडी असते, टॉपरची पण. लेक्चर ऐकताना त्या तोकड्या जागेतून तीन वाटे निघतात. एक वाटा जातो शब्द आणि वाक्य उलगडण्यात. एक जातो काळजीत, की आता मला विचारलं तर, बाकी सगळ्यांना कळतंय आणि मलाच नाही वगैरे. उरलेला तिसरा वाटा विषयाला मिळतो. त्यामुळे बारावीला ज्याला हाच धडा तोंडपाठ होता त्याच्याही तो डोक्यावरून जातो आणि त्याला वाटतं आपण बुद्धीनेच कमी पडतोय. बुद्धी तेवढीच आहे हो, जागा शिल्लक नाहीये.

आता ह्यातून दोन रस्ते निघतात. शब्द आणि वाक्यं इतकी सवयीची करायची की त्यांचा वाटा कमी होईल, हा भाषेचा रस्ता. आणि काळजीचा वाटा कमी करायचा, हा मनाचा. एका रस्त्यावर पुढे गेलात की दुसरा आपोआप थोडा सोपा होतो, म्हणून ‘आधी इंग्रजी सुधारतो मग वर्गात बोलेन’ हा प्लॅन चालत नाही. मी चार महिने त्या प्लॅनवर होतो.

पायरी ३: शब्द, पण कुठले

‘रोज दहा नवीन शब्द’ हा सल्ला मला मनापासून आवडत नाही. कुठले दहा ते कोणी सांगत नाही.

न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड ह्या संशोधक बाईंनी २००० साली एक यादी प्रसिद्ध केली, अकॅडमिक वर्ड लिस्ट. वेगवेगळ्या विषयांचं विद्यापीठातलं लिखाण गोळा करून त्यात कुठले शब्द पुन्हापुन्हा येतात ते त्यांनी मोजलं. ५७० शब्दकुळं निघाली (कुळ म्हणजे अनॅलाइझ, अनॅलिसिस, अनॅलिटिकल हे सगळे मिळून एक), आणि अभ्यासाच्या मजकुरातले साधारण १० टक्के शब्द ह्या यादीतले असतात. अझ्यूम, डिराइव्ह, एस्टिमेट, कन्सिस्टंट, सिग्निफिकंट, इम्प्लाय ही तिथली मंडळी. हे शब्द सिनेमात फारसे भेटत नाहीत, गप्पांत भेटत नाहीत, आणि शिक्षक ते समजावून सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं हे तर येतंच असणार. यादी नेटवर फुकट मिळते. दहा भाग आहेत, सगळ्यात जास्त वापरातले शब्द पहिल्या भागात. पहिले तीन भाग पहिल्या सेमिस्टरमध्ये करा, बाकीचे वाचता वाचता येतील.

विषयाच्या टर्म्सचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मराठीतून शिकलेल्यांच्या हातात एक हुकमाचं पान असतं जे आपण लाजेपोटी फेकून देतो. जडत्व हा शब्द घ्या. जड वस्तू जागची हलायला कुरकुर करते हे शब्दातच दिसतं. इनर्शिया शब्दात काही दिसत नाही. घनता, त्रिज्या, गतिज ऊर्जा, प्रकाशसंश्लेषण, मागणीची लवचिकता, हे सगळे शब्द स्वतःच अर्धी व्याख्या सांगतात. तुमच्याकडे कल्पना आधीपासून आहे, तिच्यावर फक्त दुसरी चिठ्ठी डकवायचीय. म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने करा, डावीकडे शाळेतला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि शाळेची जुनी पुस्तकं रद्दीत देऊ नका. पहिलं वर्ष तरी नाहीच.

कॅनडातल्या जिम कमिन्स ह्या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी ह्याला हिमनगाचं उदाहरण दिलंय. पाण्याच्या वर दोन टोकं दिसतात, दोन भाषांची, खाली मात्र डोंगर एकच. एका भाषेत शिकलेलं दुसरीत वाया जात नाही. त्यांनीच १९७९ मध्ये दुसरी एक गोष्ट मांडली, की रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा ह्या वेगळ्या असतात. परक्या देशात शाळेत गेलेल्या मुलांना गप्पा मारायला दोनेक वर्षांत जमतं, अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. हे ऐकून घाबरू नका, उलट हायसं वाटायला पाहिजे. तिसऱ्या महिन्यात जमत नाहीये तर तसंच असतं ते. आणि वर्गात फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा पेपरात तुमच्या मागे का राहतो तेही ह्यातून कळतं.

एक सापळा सांगून पुढे जातो. ओळखीचे शब्द सगळ्यात जास्त फसवतात. मीन म्हणजे अर्थ, पण स्टॅटिस्टिक्समध्ये सरासरी. नॉर्मल म्हणजे नेहमीचं, पण गणितात लंब. डोक्यावर पोतं घेऊन तासभर उभे राहिलात तरी फिजिक्सच्या हिशोबाने त्या पोत्यावर तुमचं वर्क शून्य. आणि क्लोज्ड सर्किट! मी कितीतरी दिवस क्लोज्ड म्हणजे बंद, बंद म्हणजे करंट नाही असं धरून चाललो होतो. नेमकं उलटं आहे, क्लोज्ड म्हणजे वर्तुळ पूर्ण जोडलेलं, करंट वाहतोय. असा शब्द सापडला की लाल पेनाने लिहा, अनोळखी शब्दांपेक्षा हे जास्त मार्क घालवतात.

पायरी ४: लांब वाक्य सोडवायला शिका

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा ह्या पायरीचा आहे आणि कुठल्याच स्पोकन क्लासमध्ये हे शिकवत नाहीत, म्हणून जरा सावकाश वाचा.

पुस्तकात असं वाक्य येतं: ‘द रेट ॲट विच अ बॉडी लूझेस हीट टु इट्स सराउंडिंग्ज डिपेंड्स ऑन द डिफरन्स बिटवीन इट्स टेम्परेचर अँड दॅट ऑफ द सराउंडिंग्ज.’ एकही शब्द अवघड नाही तरी पहिल्यांदा वाचून कळत नाही. का, तर मराठीत क्रियापद शेवटी येतं, आपण शेवटाची वाट बघत वाचतो आणि तिथे सराउंडिंग्ज बसलेला असतो. इंग्रजीत मुख्य क्रियापद मध्येच कुठेतरी लपलेलं असतं. तेव्हा आधी ते शोधा. लूझेस पण क्रियापद आहे, डिपेंड्स पण आहे. लूझेसच्या आधी ‘विच’ आहे, म्हणजे ते आतल्या छोट्या वाक्याचं झालं, त्याला पेन्सिलने कंस करा. उरलं काय: द रेट डिपेंड्स ऑन द डिफरन्स. वेग फरकावर अवलंबून असतो. झालं, वाक्य मोडलं. आता कसला वेग, तर कंसात बघा, वस्तू उष्णता गमावते तो. कसला फरक, तर दोन तापमानांतला. आणि तो शेवटचा ‘दॅट’ म्हणजे ‘ते’ वगैरे काही नाही, टेम्परेचर शब्द परत लिहायचा कंटाळा म्हणून त्याच्या जागी आलाय.

इंग्रजीतलं हे विच आणि हू आपल्या जो-तो सारखं आहे. ‘एखादी वस्तू ज्या वेगाने उष्णता गमावते तो वेग...’ असं मनात म्हणून बघा, लगेच जागेवर बसतं. तसंच ‘अनलेस’ दिसलं की आपलं ‘शिवाय’ लावा: ‘द करंट विल नॉट फ्लो अनलेस द सर्किट इज क्लोज्ड’ म्हणजे सर्किट जोडल्याशिवाय करंट वाहणार नाही. फ्यू आणि अ फ्यू मधला फरक पाठच करा, फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच, अ फ्यू म्हणजे आहेत थोडेफार. एमसीक्यूमध्ये ह्यावर मुलं सरळ आपटतात.

रोज एक वाक्य असं सोडवा. एकच, पण आपल्याच पुस्तकातलं. मला साधारण सहा आठवडे लागले, मग डोळ्यांना आपोआप क्रियापद दिसायला लागलं आणि पेन्सिल सुटली.

पायरी ५: लेक्चर

लेक्चरच्या आदल्या रात्री पंधरा मिनिटं तो धडा चाळा. वाचू नका, चाळा. हेडिंग्ज, आकृत्या, जाड अक्षरातले शब्द. नवे वाटणारे आठदहा शब्द वहीत लिहा आणि ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबून त्यांचा उच्चार ऐका. ऐकणं महत्त्वाचं आहे, नाहीतर सुडो होतो. असिम्प्टोटमधला पी बोलताना नाहीसा होतो. त्रिकोणमितीतला साइन आणि अधिक-उणेचं चिन्ह असलेला साइन दोन्ही कानाला अगदी सारखेच, संदर्भावरून ओळखावं लागतं.

वर्गात नोट्स कुठल्या भाषेत घ्यायच्या? ज्या भाषेत हात चालेल त्या. माझ्या नोट्स अशा असायच्या: ‘टेम्प. वाढलं की रेट वाढतो, पण एका लिमिटपर्यंतच, मग एन्झाइम डीनेचर.’ टर्म्स इंग्रजीत, सांधे मराठीत. ह्यात काहीही कमीपणा नाही. मात्र त्याच दिवशी संध्याकाळी त्या पानाखाली दोन-तीन पूर्ण इंग्रजी वाक्यांत सारांश लिहा, वही मिटून, आठवून. ही आठवून लिहिण्याची भानगड का, तर रोडिगर आणि कार्पिकी ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी मजकूर परतपरत वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. एका आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. आणि आपल्याला ह्यात इंग्रजी लिहायचा सरावही फुकटात मिळतो.

हायलायटरने पान पिवळं करणं हा अभ्यास नाही, एवढंच बोलतो.

वेगात बोलणाऱ्या सरांचं प्रत्येक वाक्य पकडायला जाऊ नका. वळणाचे शब्द पकडा: हाउएव्हर, दॅट इज, इन अदर वर्ड्स, द पॉइंट इज. ‘इन अदर वर्ड्स’ ऐकलं की सुटकेचा श्वास घ्या, आत्ता सुटलं ते परत सोपं करून सांगणार आहेत.

पायरी ६: भीड चेपायची

आत्मविश्वास ठेवा म्हणणाऱ्या लोकांवर माझा राग आहे. तो काय खुंटीवर टांगलेला असतो का, काढला आणि घातला.

अल्बर्ट बंडुरा ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये सांगितलं होतं की ‘मला हे जमेल’ ही भावना चार ठिकाणांहून येते. स्वतः एखादी गोष्ट करून ती जमली ह्यातून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना बघून, कोणीतरी विश्वासाने सांगितल्यावर, आणि आपलं शरीर त्या वेळी काय सांगतंय (धडधड, घाम) त्याचा आपण काय अर्थ लावतो त्यातून. पहिलं सगळ्यात जबरदस्त. म्हणजे प्रेरणादायी फॉरवर्ड वाचून काही होत नाही, काहीतरी छोटं करावं लागतं आणि ते जमावं लागतं.

तर जिना असा लावा. पहिला आठवडा: शंका मेलवर विचारा, मेल लिहायला हवा तेवढा वेळ असतो. दुसरा-तिसरा आठवडा: तास संपल्यावर टेबलापाशी जाऊन. त्यानंतर भर वर्गात, पण वाक्य आधी वहीत लिहून ठेवलेलं. वाक्यं ठरलेलीच ठेवा, तीन पुरतात. ‘सर, कुड यू प्लीज गो ओव्हर द सेकंड स्टेप अगेन?’ ‘व्हाय डिड वी टेक द निगेटिव्ह साइन हिअर?’ ‘डझ दिस मीन दॅट...’ आणि पुढे तुम्हाला जे कळलंय ते. ह्यात एक मेख आहे, ‘आय डिडन्ट अंडरस्टँड’ म्हणालात तर शिक्षकालाही कळत नाही काय सांगू, पण ‘सेकंड स्टेप’ म्हणालात तर तुम्ही पहिली स्टेप समजून बसलेला माणूस ठरता.

पहिल्यांदा भर वर्गात विचारलं तेव्हा माझा आवाज इतका बारीक निघाला की सर म्हणाले परत बोल. परत बोललो. व्याकरण चुकलं, ‘व्हाय वी टेक’ म्हणालो, डिड राहिला. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एक जण हळूच म्हणाला, ‘बरं झालं विचारलंस.’ त्यालाही कळलं नव्हतं आणि तो शाळेपासून इंग्रजी माध्यमाचा.

परभाषेच्या वर्गातल्या भीतीवर इलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली ३३ विधानांची एक प्रश्नावली केली होती. त्यांनी भीतीचे तीन धागे सांगितले: बोलण्याची भीती, परीक्षेची भीती, आणि लोक काय म्हणतील ही भीती. आपली कुठली ते ओळखा, कारण इलाज वेगळे आहेत. बोलण्याची असेल तर वरचा जिना. परीक्षेची असेल तर घड्याळ लावून जुने पेपर. लोकांची असेल तर आपल्याच माध्यमातून आलेला, फक्त एक वर्ष पुढे असलेला सीनियर गाठा. टॉपर नको, त्याला बघून धीर वाढत नाही, खचतो. जो मागच्या वर्षी तुमच्याच जागी रडत होता आणि आता पास होतोय, तो हवा.

ॲक्सेंटचं काय? काहीही नाही. समोरच्याला कळलं की बास.

पायरी ७: प्रश्नपत्रिकेची क्रियापदं

स्टेट म्हणजे एका ओळीत सांगा. डिस्क्राइब म्हणजे कसं आहे ते सांगा. एक्सप्लेन म्हणजे का आणि कसं. जस्टिफाय म्हणजे कारण देऊन पटवा (माझे ३ मार्क!). कंपेअर म्हटलं की दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या पाहिजेत, आधी पानभर एकाबद्दल आणि मग पानभर दुसरीबद्दल लिहिलं तर ती तुलना होत नाही. क्रिटिकली म्हणजे टीका करा असं नव्हे, बळकट बाजू आणि लंगडी बाजू दोन्ही दाखवा. पेपर हातात आला की आधी प्रत्येक प्रश्नातल्या ह्या शब्दाला गोल करा, मगच लिहायला घ्या.

पायरी ८: लिहिणं

मराठीत अख्खं उत्तर लिहून मग त्याचं शब्दाला शब्द भाषांतर करू नका, वेळ जातो आणि वाक्यं तिरपागडी होतात. पण मुद्दे मराठीत काढायला हरकत नाही. मुद्दे मराठीत, क्रम ठरवायचा, आणि प्रत्येक मुद्द्याचं वाक्य थेट इंग्रजीत, छोटं. वीस शब्दांच्या वर गेलं की तोडा. पुस्तकातली वाक्यं लांब असतात म्हणून आपली पण लांब हवीत असं काही नाही.

असाइनमेंटमध्ये पुस्तकातली वाक्यं उचलायचा मोह होतो, कारण आपलं इंग्रजी त्याच्यापुढे गरीब दिसतं. त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात आणि ते पकडणारी सॉफ्टवेअर असतात. इथेही मराठीच कामाला येते: परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, मित्राला मराठीत सांगितल्यासारखं मोठ्याने सांगा, मग ते सांगितलेलं इंग्रजीत लिहा. मूळ वाक्याचा साचा मध्ये मराठी आल्यामुळे आपोआप मोडतो, कॉपी राहतच नाही. कल्पना कोणाची ते मात्र नावानिशी लिहायचं. भाषांतराचं ॲप किंवा एआय वापरायचं तर आधी आपलं लिहून झाल्यावर, चुका बघण्यापुरतं, आणि तुमच्या विद्यापीठाचे नियम वाचून.

अजून एक बारकावा. आपल्याकडे ‘आहे’, ‘असेल’, ‘असावं’ ह्यात खात्रीचा फरक असतो ना, तसाच अभ्यासाच्या इंग्रजीत असतो. एका प्रयोगावरून ‘धिस प्रूव्ह्ज’ लिहिलंत की तपासणारा भुवया उंचावतो, ‘धिस सजेस्ट्स’ म्हणजे ‘ह्यावरून असं दिसतं’, ‘मे बी ड्यू टु’ म्हणजे ‘मुळे असावं’. अशा तयार वाक्यांचा साठा मँचेस्टर विद्यापीठाच्या अकॅडमिक फ्रेजबँक नावाच्या साइटवर आहे, जरूर बघा. अ आणि द च्या चुकांवर मात्र पहिल्या वर्षी रक्त आटवू नका. मराठीत ती चीजच नाही, हळूहळू कानाने येते.

पायरी ९: आपटल्यावर

आपटणार आहात, एकदा तरी. फ्रेड ल्युथान्स ह्या अमेरिकन प्राध्यापकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मानसिक भांडवल म्हणून चार गोष्टी एकत्र बांधल्या: आशा, जमेल हा विश्वास, पडून उठण्याची ताकद, आणि आशावाद. आधी नोकरी करणाऱ्यांसाठी होतं, मग विद्यार्थ्यांवरही अभ्यास झाले. मला त्यातलं भांडवल हे नाव आवडतं, कारण भांडवल थोडं थोडं साठवता येतं आणि वाईट दिवशी वापरता येतं.

ह्यातली आशा म्हणजे देवावर भरवसा नव्हे. स्नायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या मते आशेला दोन पाय असतात, इच्छा आणि वाटा. इच्छा आपल्या सगळ्यांकडे भरपूर असते, वाट मात्र एकच असते, आणि ती बंद झाली की संपलं. म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा: लेक्चर कळलं नाही तर काय (स्लाइड्स), स्लाइड्सवरून कळलं नाही तर काय (सोपं दुसरं पुस्तक), तेही नाही तर कोण (नाव लिहा, ‘कोणीतरी’ नको).

आणि आशावाद म्हणजे ‘सगळं छान होईल’ नव्हे. मार्टिन सेलिगमन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की अपयशाचं कारण आपण स्वतःला कसं सांगतो त्यावर बरंच ठरतं, ते कायमचं आणि सगळीकडे पसरलेलं सांगतो की तात्पुरतं आणि तेवढ्यापुरतं. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ हे कायमचं झालं. ‘तिसऱ्या प्रश्नात व्हेअरॅज (म्हणजे ‘तर दुसरीकडे’) हा शब्द कळला नाही’ हे तेवढ्यापुरतं झालं, आणि ते आज रात्री दुरुस्त होतं. म्हणून पहिल्या पायरीतला मार्कांचा हिशोब प्रत्येक टेस्टनंतर करा. माझ्या दुसऱ्या टेस्टला १२ आले, गेलेल्या ८ पैकी ६ निव्वळ विषयाचे होते. वाईट वाटलं, पण वेगळं वाईट.

खाणं-झोप उडाली असेल, अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि विद्यापीठाच्या काउन्सेलरकडे किंवा घरच्या माणसाकडे जा. ते काम लेख वाचून होत नाही.

पायरी १०: व्हायवा आणि प्रेझेंटेशन

पहिली दोन वाक्यं पाठ करा, फक्त दोन. पूर्ण भाषण पाठ केलंत तर एक शब्द विसरला की सगळं गाडं अडतं. आदल्या दिवशी एकदा उभं राहून मोठ्याने बोला, मनात बोललेलं धरत नाहीत. धडधडायला लागलं तर ते सगळ्यांनाच होतं, पळायच्या आधी अंग गरम होतं तसं.

शब्द अडला तर गप्प बसू नका, त्या शब्दाचं वर्णन करा. पहिल्या वर्षाच्या व्हायवाला मला विस्कॉसिटी हा शब्द आठवेना. ऐन वेळी पार गेला डोक्यातून. मी म्हणालो, ‘सर, द प्रॉपर्टी... द रेझिस्टन्स ऑफ अ लिक्विड टु फ्लो, थिक ऑइल हॅज मोअर, वॉटर हॅज लेस.’ सरांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, ‘यू मीन विस्कॉसिटी?’ मी म्हणालो येस सर, आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.